ते तिघे ख्रिस्ती का झाले?

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासातील एखादा विषय घेऊन चार पाने लिहून द्यावीत, असे संपादक मंडळाने आम्हास सुचविले, तेव्हा बराच विचार करून आम्ही हा विषय निवडला. ज्ञातीतील सेनानी, मुत्सद्दी, सुधारक व देशभक्त यांच्यावर या पानांतून आजवर पुष्कळ लिहून झाले आहे व पुढेही होईल. परंतु आपल्याच घरांत जन्मास येऊन, आपल्याच ओसरीवर संथा घेऊन जी थोडी माणसे ख्रिस्ती धर्मात गेली, त्यांच्याविषयी आपण सहसा बोलत नाही. आणि बोललोच तर 'पोटासाठी बाटला' एवढे म्हणून प्रकरण मिटवितो. हे म्हणणे खरे आहे काय, इतकेच आम्हास येथे तपासावयाचे आहे. त्यासाठी आम्ही तीन व्यक्ती घेतल्या आहेत : नीळकंठशास्त्री गोरे, पंडिता रमाबाई व नारायण वामन टिळक. तिघेही चित्पावन कुळांतील, तिघेही संस्कृत जाणणारे, आणि आपण हा मार्ग का धरला हे तिघांनीही आपापल्या परीने सांगून ठेविलेले.

गोमंतकात व वसईच्या बाजूस पोर्तुगीज अमलात जी धर्मांतरे झाली, त्यांची कहाणी अगदी निराळी. ती येथे घेतलेली नाही. अहमदनगर जिल्ह्यातील महार-मांग बांधवांनी मिशनची वाट धरली, तिची कारणे तर आपण त्यांना पाण्यालाही शिवू देत नव्हतो येथपासून सुरू होतात. त्यांविषयी लिहिण्याचा अधिकार त्यांच्यातील लेखकांचा आहे, आमचा नव्हे.

प्रथम त्या काळची हवा कशी होती, ते सांगितले पाहिजे. १८४३ साली मुंबईस नारायण शेषाद्री या तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा वर्षांचे, हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. बापाने कोर्टात धाव घेतली व कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. मुलाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्यास प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे, असे 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी मांडले, आणि त्यावरून मुंबईत केवढे रण माजले! एका अजाण पोराला पंक्तीस घ्यावे असे म्हटल्याबद्दल बाळशास्त्र्यांसारख्या विद्वानासही सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला. जाणाऱ्यास मिशनऱ्यांनी ओढले असेल; परंतु त्याच्या मागे दार लावून घेतले ते आपण, आणि कडी होती ती आतून. पुढे १८५० साली सरकारने एकविसावा कायदा करून, धर्म सोडला वा जातीतून काढले गेले म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही, असे ठरविले. त्याने घरजमीन वाचली असेल. आईच्या हातचे ताट कोणत्याही कायद्याने परत मिळत नाही.

आता नीळकंठशास्त्री. त्यांचा जन्म १८२५ सालचा, झाशीच्या बाजूचा, वाढले काशीस. घर खाऊनपिऊन सुखी व कर्मठ. काशीत मिशनरी बाजारात उभे राहून उपदेश करीत, तो ऐकून या तरुण शास्त्र्यास संताप आला, आणि त्यांचे खंडन करावे या हेतूनेच तो त्यांच्याकडे गेला. जॉन म्यूर नावाच्या स्कॉटिश विद्वानाने 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती मताचा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. त्यास उत्तर म्हणून नीळकंठशास्त्र्यांनी १८४४ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. त्यावेळी वय अवघे एकोणीस-वीस! जन्म एकच असेल तर जन्मांध बालकाने काय पाप केले होते? मर्यादित आयुष्यातील पापास अनंत नरक, हा कोठला न्याय? असे आक्षेप त्यांनी घेतले. आणि आजही कोणी हिंदू या विषयावर वाद करू लागला तर फिरून याच आक्षेपांवर येतो.

हा वाद घालणारा मनुष्य १८४८ च्या मार्च महिन्यात जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतो, तो का? काशीत गवगवा होऊ नये म्हणून गाव दुसरे निवडावे लागले, यावरूनच त्यात लाभ किती होता ते दिसते. त्यांचे कारण हे की, खंडनासाठी म्हणून जे पुस्तक त्यांनी वाचावयास घेतले, त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेविले. मनातला विचारही पापात मोजणारी ती नीती वाचून स्वतःच्या पापाची जी जाणीव झाली, तिची निवृत्ती त्यांना आपल्या शास्त्रांत सापडेना. पुढे १८६० साली छापलेल्या 'षड्दर्शन दर्पण' या हिंदी ग्रंथात त्यांनी सहाही दर्शनांची झडती घेतली आहे. जीव व ब्रह्म एकच असतील तर पाप करणारा कोण, क्षमा मागणारा कोण व क्षमा करणारा तरी कोण, असा त्यांच्या वेदान्तावरील आक्षेपाचा रोख आहे. आमच्या मते या आक्षेपास उत्तर आहे. व्यवहार व परमार्थ या दोन पायऱ्या शांकर मतात स्पष्ट आहेत, आणि नीळकंठशास्त्र्यांना त्या ठाऊक नव्हत्या असे नव्हे. ठाऊक असूनही त्यांचे समाधान झाले नाही. पण पोटासाठी बाटणारा मनुष्य सहा दर्शने उलथीपालथी करीत बसत नाही, एवढे कोणीही मान्य करील.

याच ज्ञातीत याच १८२५ साली शिरवली येथे विष्णु भिकाजी गोखले जन्मास आले. तेच विष्णुबावा ब्रह्मचारी. त्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करून त्यांना पुरेसे केले. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन माणसे, एक खंडन करावयास गेला व तिकडचा झाला, दुसरा खंडन करून परत आला. विष्णुबावांची तसबीर आपल्या कित्येक सभागृहांत आहे.

नीळकंठशास्त्री १८५४ साली महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर विलायतेस गेले. तेथील अनुभव मॅक्सम्युल्लरसाहेबांनी आपल्या हिंदी स्नेह्यांच्या आठवणींत नमूद केला आहे. लंडनमध्ये पाहिले तेच जर ख्रिस्तीपण असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे व आपणास परत हिंदुस्थानात जावयाचे आहे, अशा अर्थाचे उद्गार शास्त्रीबोवांनी त्यांच्यापाशी काढले. साहेबाच्या थाटमाटास भुललेल्या मनुष्याचे हे बोल नव्हेत. परत आल्यावर ते संन्याशासारखे राहिले, धर्मोपदेशक झाले, आणि शंका घेण्याचा स्वभाव मात्र अखेरपर्यंत सुटला नाही. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई या १८५३ साली एक मुलगी मागे ठेवून निवर्तल्या. ती मुलगी इंग्रज कुटुंबात वाढली व इंग्रजी भजने लिहून नावारूपास आली. पण ती आपले नाव एलन लक्ष्मी गोरे असे लावी. आईचे नाव व बापाचे आडनाव तिने टाकले नाही.

नीळकंठशास्त्र्यांचा पत्रव्यवहार ज्यांच्या धर्मांतरास कारण झाला, त्या पंडिता रमाबाईंकडे आता वळू. येथे आम्हास थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण त्यांनी दिलेले कारण आपणा सर्वांच्या घरात होते.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले. एवढ्या अपराधावरून त्यांच्यामागे लोकांचा जो ससेमिरा लागला, त्यामुळे ते गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. आईच्या तोंडून पुराणे पाठ करीत, आईबापांबरोबर तीर्थे पायी फिरत त्या मोठ्या झाल्या. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. दान-धर्मात सर्व पैसा संपलेला, भीक मागण्याची लाज, अंगमेहनतीची सवय नाही, अशा स्थितीत वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक गेली. राहिली ती बहीण-भाऊ, आणि ती देशभर पायी हिंडली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

पदव्या मिळाल्यावर स्त्रियांपुढे धर्मशास्त्रावर व्याख्याने द्यावीत म्हणून त्यांनी स्मृतिग्रंथ बारकाईने वाचले, आणि तेथेच त्यांची श्रद्धा ढळली. त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे त्याचा भावार्थ असा, की प्रत्येक गोष्टीवर या ग्रंथांचे आपसांत मतभेद. एकमत काय ते दोनच बाबतींत, स्त्रीची जात वाईट, आणि स्त्री व शूद्र यांस पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाही. कोणी शास्त्री म्हणेल की हे विधान एकांगी आहे, आणि उपनिषदांतील ब्रह्मवादिनींचा दाखला देईल. आम्ही स्वतः तो दाखला शाळेत कित्येक वर्षे मुलींना देत आलो. परंतु गार्गी पुस्तकात होती व केशवपन घरात होते. ज्यांच्या घरातील माजघरात लाल आलवणातली एखादी आजी वा आत्या कोपऱ्यात बसून राहिलेली वडिलधाऱ्यांनी पाहिली आहे, त्यांनी रमाबाईंवर एकांगीपणाचा आरोप करण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ साली तेही वारले. तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ साली वैद्यक शिकण्याच्या इच्छेने विलायतेस गेल्या. बाटण्यासाठी गेल्या असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, जाते वेळी आपला तसा विचार नाही हे त्यांनी सांगितले होते. तेथे वॉण्टेज येथील जोगिणींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम या ठिकाणी आपले सेवाकार्य दाखविले. समाजाने टाकलेल्या, वाईट मार्गास लागलेल्या बायकांना त्या जवळ करून नवे जिणे देत होत्या. आपल्याकडे अशा बाईस गावकुसाबाहेर जागा, धर्मशास्त्रात दंड. आणि येथे कोणी तिच्या जखमा धुते, हे पाहून रमाबाईंनी कारण विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. पाच नवरे झालेली व परजातीची, तिच्या हातचे पाणी मागून येशू तिच्याशी धर्माची उच्चातली उच्च गोष्ट बोलतो. स्त्रियांचा उद्धार करण्याचे सामर्थ्य येथे आहे, असे रमाबाईंना तेव्हा वाटले. उरलेल्या तात्त्विक शंका पुण्याहून गोरेशास्त्र्यांनी पत्रांतून फेडल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

पुष्कळांस ठाऊक नसलेली गोष्ट ही की, बाप्तिस्मा घेताच त्यांचे पाद्र्यांशी खटके उडू लागले. एका भटांच्या जोखडातून मान काढून घेतली ती दुसऱ्या भटांच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, असा त्यांचा बाणा. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, लॅटिन काय आमच्या संस्कृतापेक्षा पवित्र आहे, असेही त्यांनी बजावले. शाकाहार सोडला नाही, लुगडे सोडले नाही. डोंगरेशास्त्र्यांची मुलगी ती. बापाने पत्नीस शिकविण्याचा हट्ट सोडला नव्हता.

१८८९ साली मुंबईस शारदा सदन निघाले, पुढील वर्षी ते पुण्यास आले, आणि १८९३ साली, येथील मुली ख्रिस्ती होऊ लागल्या आहेत, असा गिल्ला झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. सल्लागार मंडळातून रानडे व भांडारकर यांच्यासारखे सहायकही बाहेर पडले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत व काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. पालकांस काळजी वाटावी, हे आम्ही स्वाभाविक समजतो. धार्मिक बाबतीत अलिप्त राहण्याचे अभिवचन देऊन उघडलेल्या संस्थेत ते दार लावून घेतले असते तर बरे झाले असते. परंतु याच सदनातील एक विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा १८९३ सालीच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या हिंदूच राहिल्या, आणि अण्णासाहेबांच्या सर्व कार्यास त्यांचा हातभार लागला. अण्णासाहेबांचा अनाथ बालिकाश्रम निघाला तो १८९६ साली, म्हणजे सदनानंतर सात वर्षांनी. त्या सात वर्षांत ज्ञातीतील विधवा मुलीने शिकावयाचे म्हटले तर जावे कोठे, याचे उत्तर टीकाकारांजवळ नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणून त्यांनी केडगावास मुक्तिसदन वसविले, आणि आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून साध्या बायकांस कळेल अशा मराठीत बायबल उतरविण्यात घालविली. १९२२ साली त्या गेल्या. मुक्तिसदन आजही केडगावी आहे.

नीळकंठशास्त्री १८९५ च्या अखेरीस मुंबईत निवर्तले. त्याच वर्षी १० फेब्रुवारीस मुंबईतच नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा झाला होता. टिळकांची कविता आमच्या पिढीस पाठ आहे. बाण लागून मरणाऱ्या पक्षिणीवरची त्यांची कविता शिकविताना वर्गात मुले डोळे पुसत, हे आम्ही पाहिले आहे. नावामागील 'रेव्हरंड' या शब्दाचा अर्थ मात्र आम्ही शिक्षक पुष्कळदा घाईने सांगून पुढे जात असू.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. स्वभाव विलक्षण मनस्वी. आज येथे तर उद्या तेथे. जातिभेद नाहीसा व्हावा, सर्वांचा पिता एकच व सर्व माणसे भाऊ, असा एक धर्म आपणच काढावा, असे त्यांच्या डोक्यात फार दिवस घोळत होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना गाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी संस्कृत कवींविषयी रसिकतेने गोष्टी केल्या, उतरताना नव्या कराराचे पुस्तक हाती ठेविले व दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण पुस्तक वाचू लागले आणि, गोरेशास्त्र्यांप्रमाणेच, डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन अडकले. जो धर्म आपण काढू म्हणत होतो तो येथे लिहिलेलाच आहे, अशी त्यांची भावना झाली. त्या गृहस्थांचे नाव टिळकांनी विचारलेही नव्हते.

गोरेशास्त्री तर्काने गेले, रमाबाई स्त्रियांच्या दुःखाने गेल्या. टिळक मात्र भक्तीने गेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोचलो, असे ते म्हणत. तेव्हा वारकऱ्याचा विठोबा सोडून ते गेले, असे म्हणणे आम्हास जड जाते. विठोबाशी बोलण्याची रीत त्यांनी बरोबर नेली. विलायती चालींच्या उपासनेत त्यांनी अभंग व भजन आणिले, टाळ-मृदंग आणिला, आणि आज महाराष्ट्रातील मंदिरांत ख्रिस्ती मंडळी जी गीते म्हणतात त्यांतील फार मोठा भाग टिळकांचा आहे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांसही जागा होती. १९१९ साली ते वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे देहास अग्नी देण्यात आला.

टिळकांची एक गोष्ट आम्हास आजही रुचत नाही. पत्नीस मागे ठेवून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा तो आकांत त्यांच्या 'स्मृतिचित्रां'त आहे व ज्ञातीतील प्रत्येक घराने तो वाचावा. पाच वर्षे त्या बाईने लहान मुलासह आप्तांच्या दारी काढली. पुढे नगरास पतीकडे गेल्या, तरी सोवळेओवळे व चूल निराळी. त्यांस कोणी वादात जिंकले नाही. माणसामाणसांत शिवाशीव देवाने केलेली नाही, ही गोष्ट आधी त्यांची त्यांनाच पटली, मग कोणाच्याही हातचे पाणी चालू लागले, आणि १९०० साली बाप्तिस्मा झाला. नारायणरावांनी अपुरे ठेविलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पुरे केले. लिहावाचावयास बेताचेच येणाऱ्या बाईने मराठीतील पहिल्या प्रतीचे आत्मचरित्र लिहिले, याचा ज्ञातीस अभिमान वाटतो. मग त्या कोणत्या कुळाच्या सून म्हणून तो वाटतो, हेही मोकळेपणाने म्हणावयास हवे.

हा सर्व खटाटोप करण्याचे निमित्त आता सांगतो. आमच्या घराण्याची वंशावळ आमच्या आजोबांनी मोडी लिपीत लिहून ठेविली आहे. तीत तिसऱ्या पिढीतील चार भावांपैकी एकाच्या नावावर शाईची आडवी रेघ असून बाजूस फक्त 'बाटला' एवढेच लिहिले आहे. तो का गेला, कोठे गेला, त्याच्या मागे कोण राहिले, हे घरात कोणी सांगत नसे व विचारू देत नसे. निर्वंश झालेल्या शाखेपुढेही आजोबांनी तसे नीट लिहिले आहे. रेघ मात्र कोणावर मारलेली नाही. अशा रेघा आपल्या कित्येक घरांच्या कागदांत असतील.

आपल्या संघाच्या वतीने कुलवृत्तांताची जी नवी आवृत्ती तयार होत आहे, तिच्या बैठकीत ख्रिस्ती झालेल्या शाखा घ्याव्यात की नाहीत यावर दोन मते पडली. त्या शाखांची आपणहून इच्छा असेल काय, असाही रास्त प्रश्न एका सभासदांनी केला, व तो विचारल्याखेरीज सुटणार नाही. म्हणून प्रथम त्यांना पत्रे घालावीत, आणि त्यांच्या संमतीने नाव, जन्मसाल व वंशविस्तार इतरांप्रमाणेच छापावा, अशी सूचना आम्ही लेखी दिली असून ती पुढील वार्षिक सभेपुढे येईल. ज्या कुटुंबांजवळ अशा शाखांचे जुने कागद, पत्रे अथवा मोडीतील टिपणे असतील, त्यांनी ती नक्कल करून संघाच्या कार्यालयात पोचवावीत. मोडी वाचता येत नसल्यास कागद तसाच आणावा. वाचून देण्याचे काम आम्ही करू.